थकलेल्या कर्जाचं घर लिलावाआधी विकत घेताना

"हप्ते थकलेत, बँकेची नोटीस आली आहे, लिलाव लागायच्या आत घर विकायचं आहे." असा विक्रेता भेटला की काही जण घाबरून पाठ फिरवतात आणि काही जण भाव उतरलेला पाहून त्याच संध्याकाळी विसार देऊन मोकळे होतात. दोन्ही चुकीचं. असा व्यवहार नीट झाला तर विक्रेत्याचं घर लिलावात मातीमोल भावाने जात नाही, कर्ज फिटून चार पैसे हातात उरतात, आणि घेणाऱ्याला स्वच्छ हक्काचं घर मिळतं. बिघडतो तो बहुधा एकाच कारणाने: पैसे आधी जातात आणि बँकेचा कागद मागाहून मागितला जातो. पुढे जे लिहिलं आहे ते हा क्रम सरळ ठेवण्यासाठी. उदाहरण महाराष्ट्रातल्या सोसायटीतल्या फ्लॅटचं घेतलं आहे, कारण अशी बहुतेक प्रकरणं तीच असतात.

नियमित करणं वेगळं, बंद करणं वेगळं

बँकेकडे कायम दोन आकडे असतात. पहिला थकबाकीचा: चुकलेले हप्ते, त्यावरचं शुल्क आणि वसुलीचा खर्च. तेवढे भरले की खातं पुन्हा रुळावर येतं, म्हणजे कर्ज 'नियमित' होतं. दुसरा आकडा संपूर्ण कर्ज मिटवण्याचा. त्याच्या पत्राला आपल्याकडच्या बँका 'फोरक्लोजर लेटर' म्हणतात. इंटरनेटवर अमेरिकेची माहिती वाचून आलेल्यांचा इथेच घोळ होतो. तिकडे फोरक्लोजर म्हणजे कर्ज थकल्यावर सावकाराने घर काढून घेणं, आणि इकडे फोरक्लोजर म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडून खातं बंद करणं. बँकेत गेल्यावर हा शब्द ऐकून दचकू नका.

घेणाऱ्याने पक्कं लक्षात ठेवायचं ते हे: थकबाकी भरून तुम्हाला फक्त वेळ मिळतो, घर मिळत नाही. नियमित झालेलं कर्ज विक्रेत्याच्याच नावावर राहतं, मूळ कागद बँकेच्या तिजोरीतच राहतात, आणि तुमचे पैसे त्याच्या खात्यात जिरून गेलेले असतात. घर तुमचं होतं ते पूर्ण कर्ज फिटून तारण सुटल्यावर आणि खरेदीखत नोंदल्यावर. म्हणून थकबाकी भरण्याचा निर्णय स्वतंत्रपणे कधी घेऊ नका. 'तुमचं गृहकर्ज मंजूर व्हायला महिनाभर लागणार आहे आणि तोवर बँकेची कारवाई थांबवायची आहे' असं नेमकं कारण असेल तरच ती भरावी.

घर कोणत्या पायरीवर आहे ते तारखांवरून ठरवा

विक्रेता सांगेल "दोन-तीन हप्ते राहिलेत". त्याच्यावर विसंबू नका, कर्जखात्याचा उतारा आणि आलेली प्रत्येक नोटीस मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३१ मार्चचा हप्ता त्या दिवसाअखेर भरला नाही तर खातं त्याच तारखेपासून थकीत धरलं जातं. अशा खात्यांवर खास लक्ष ठेवण्यासाठी एसएमए नावाचे गट असतात. ३० एप्रिलपर्यंत न भरल्यास ते दुसऱ्या गटात, म्हणजे एसएमए-१ मध्ये जातं, ३० मे रोजी एसएमए-२ मध्ये, आणि २९ जूनला ते एनपीए, अर्थात अनुत्पादित होतं. साधा हिशेब ९० दिवसांचा.

एनपीए होण्याआधीची पायरी घेणाऱ्यासाठी सर्वांत सोपी. शाखाच व्यवहार हाताळते, बँक पूर्ण रक्कम मागत नसते, आणि विक्रीला कायद्याची आडकाठी नसते. अर्थात घर तारण असल्यामुळे बँकेचं पत्र लागतंच.

एनपीए झाल्यावर प्रकरण वसुली विभागाकडे जातं आणि २००२ च्या सरफेसी कायद्याची, म्हणजे न्यायालयात न जाता तारण विकून कर्ज वसूल करण्याची मुभा बँकेला देणाऱ्या कायद्याची, घड्याळं सुरू होतात. कलम १३(२) ची नोटीस संपूर्ण देणं ६० दिवसांत भरायला सांगते. कर्जदाराने आक्षेप घेतला तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ६० दिवस उलटले की कलम १३(४) खाली ताबा. सुरुवातीला तो बहुधा सांकेतिक असतो: दारावर नोटीस चिकटवतात आणि ७ दिवसांच्या आत दोन वृत्तपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या पत्रात, ताबा सूचना छापतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, मुंबईसारख्या ठिकाणी मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे. मग मूल्यांकन, राखीव किंमत आणि लिलावाची जाहिरात.

यातल्या दोन रेषा तुमच्यासाठी निर्णायक आहेत. पहिली म्हणजे १३(२) ची नोटीस मिळाल्यानंतर कलम १३(१३) नुसार बँकेच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय कर्जदाराला ते घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. कायदा मोडणाऱ्याला कलम २९ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. "शाखेत साहेबांशी बोलणं झालंय" याला इथे काडीचीही किंमत नाही.

दुसरी रेषा लिलावाच्या जाहिरातीची. कलम १३(८) २०१६ साली बदललं. त्यानंतर सगळं देणं भरून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेलिर एलएलपी विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. नवी मुंबईतल्या जागेचा लिलाव १०५.०५ कोटींना झाला होता, कर्जदार त्यानंतर १२९ कोटी भरायला तयार झाला, उच्च न्यायालयाने परवानगीही दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून लिलावातल्या खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. जास्त पैसे घेऊन उशिरा येणाऱ्यालाही दार बंद, हा त्याचा अर्थ. म्हणून जाहिरात छापून आली असेल तर विक्रेत्याशी वाटाघाटी थांबवा. घर हवंच असेल तर अनामत भरून बोलीदार म्हणून या, त्याचे नियम वेगळे आहेत.

बँक सहकारी आहे म्हणून हा कायदा लागू नाही असं अजूनही काही जण सांगतात. मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो वाद संपवला: सहकारी बँकाही सरफेसी वापरू शकतात. पतसंस्थेचं कर्ज असेल तर मात्र मार्ग निराळा. तिथे सहकार कायद्याखालचा वसुली दाखला आणि वसुली अधिकाऱ्याची जप्ती असते, त्यामुळे तो दाखला आणि जप्तीचा आदेश पाहायला मागा.

बोलणी पुढे नेण्याआधीची तपासणी

विक्रेत्याने दाखवलेल्या कागदांवर थांबू नका. सेरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत मालमत्तेच्या वर्णनावरून आणि विक्रेत्याच्या नावावरून असे दोन्ही शोध घ्या. शुल्क किरकोळ आहे, पण एकाच फ्लॅटवर दुसऱ्या वित्तसंस्थेचंही कर्ज काढलेलं असलं तर ते इथेच उघडं पडतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढा आणि किमान ३० वर्षांचा शोध वकिलाकडून करून घ्या. महाराष्ट्रात कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची 'नोटीस ऑफ इंटिमेशन' दाखल होते, तीही शोधात दिसते. बंगला किंवा भूखंड असेल तर सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना किंवा मालमत्ता पत्रक पाहा.

कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, विक्रेत्याच्या नावाने अर्ज आहे का ते बघा. आपल्याकडे ही न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत, आणि नावावरून ऑनलाइन शोधता येतं. स्थगिती मिळाली आहे म्हणून विक्रेता निवांत असेल तर तुम्ही होऊ नका, स्थगिती कधीही उठते.

सोसायटीकडून देय रकमेचं लेखी पत्र घ्या. जो माणूस बँकेचे हप्ते भरू शकला नाही त्याने मेंटेनन्सही थकवलेला असतो, आणि त्यावर व्याज चढलेलं असतं. मालमत्ता कर, वीज, पाणी आणि पाइप गॅसची बिलं ग्राहक क्रमांकावरून स्वतः तपासा. व्यवसाय करणाऱ्या विक्रेत्याच्या बाबतीत जीएसटी किंवा प्राप्तिकराची जप्ती आहे का, हेही वकिलाला विचारा.

मूळ कर्जदार वारला असेल आणि म्हणून हप्ते थकले असतील, तर दोन गोष्टी आधी पाहायच्या. एक, कर्जासोबत विमा काढलेला होता का? कित्येक कुटुंबांना हे माहीतच नसतं. विम्याचा दावा मंजूर झाला तर कर्जाचा मोठा भाग तिथूनच फिटतो आणि घर विकायची वेळही येत नाही. हे विक्रेत्याच्या कुटुंबाला सांगणं तुमचं काम नसलं तरी जरूर सांगा. दोन, सोसायटीतलं नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. सगळे वारस सही करणार नसतील तर व्यवहार करू नका.

बँकेचं पत्र: काय मागायचं

अर्ज विक्रेत्याने करायचा, कारण खातं त्याचं. तुम्ही सोबत जा. शाखेत न अडकता थेट प्राधिकृत अधिकाऱ्याला भेटा. सरफेसीच्या नोटिशीखाली ज्याची सही असते तोच तो अधिकारी. वसुली एजन्सीच्या माणसाशी बोलायला हरकत नाही, पण त्याच्या हातात एक रुपयाही देऊ नका आणि त्याच्या मेसेजला संमती समजू नका. पत्र बँकेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, विक्रेत्याच्या नावे आणि तुमचा उल्लेख असलेलं हवं. त्यात पुढच्या गोष्टी नसतील तर ते परत पाठवा:

१. अमुक तारखेपर्यंतची पूर्ण देय रक्कम, तिची फोड आणि त्यानंतर रोज वाढणारं व्याज.
२. एकट्या थकबाकीची रक्कम, आणि ती भरल्यास १३(२) किंवा १३(४) ची कारवाई थांबेल की नाही हे स्पष्ट शब्दांत.
३. अमुक व्यक्तीला अमुक किमतीला विक्री करण्यास कलम १३(१३) प्रमाणे संमती.
४. तारण ठेवलेल्या मूळ कागदांची यादी.
५. पूर्ण रक्कम मिळाल्यावर बोजा सोडून हे कागद कोणाच्या हाती द्यायचे.
६. या तारणावर त्याच कर्जदाराची दुसरी कुठली देणी अवलंबून नाहीत, असा खुलासा.

सहावा मुद्दा सर्रास राहून जातो आणि शेवटच्या दिवशी व्यवहार अडतो. एनपीएची नोंद खात्यापुरती नसते, कर्जदाराची असते. त्याच बँकेत विक्रेत्याचं वाहनकर्ज, वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकलेलं असेल, किंवा तो कोणाच्या धंद्याच्या कर्जाला हाच फ्लॅट देऊन जामीन राहिला असेल, तर गृहकर्जाचा शेवटचा रुपया भरूनही बँक कागद अडवू शकते.

दुसऱ्या मुद्द्यामागे रिझर्व्ह बँकेचं नोव्हेंबर २०२१ चं स्पष्टीकरण आहे. पूर्वी काही संस्था नुसतं थकलेलं व्याज भरलं की खातं पुन्हा नियमित दाखवत. आता मुद्दल आणि व्याज अशी सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं एनपीएतून बाहेर येत नाही. म्हणजे आठपैकी सहा हप्ते भरले तर कारवाई कागदावर जिथल्या तिथेच राहते आणि तुमचे पैसे गेलेले असतात. भरायची तर पूर्ण थकबाकी, नाहीतर काहीच नाही.

कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं गेलं आहे का, हेही याच भेटीत विचारा. विकलं असेल तर जुन्या बँकेच्या पत्राला काही अर्थ उरत नाही. संमती, रक्कम आणि बोजामुक्ती तिन्ही त्या कंपनीकडून हवं, आणि कर्ज तिच्या नावे झाल्याच्या दस्ताची प्रतही. जुन्या खातेक्रमांकावर पैसे भरून ते परत मिळवण्यात महिने जातात.

आकडे मांडून पाहा

पुण्यातला एक फ्लॅट धरू, ठरलेली किंमत ७२ लाख. शिल्लक मुद्दल ४१,२०,००० रुपये, व्याजदर ९ टक्के, हप्ता ४१,८०० रुपये, आठ हप्ते थकलेले.

कर्ज नियमित करायचं तर आठ हप्त्यांचे ३,३४,४००, दंडात्मक शुल्क १४,०००, नोटिसा-वकील-जाहिरातीचा खर्च ४६,०००, मिळून ३,९४,४०० रुपये.

बंद करायचं तर मुद्दल ४१,२०,०००, साचलेलं व्याज सुमारे २,४५,०००, शुल्क आणि खर्च मिळून ६०,०००, एकूण ४४,२५,००० रुपये. मुद्दलावर रोजचं व्याज साधारण १,०१६ रुपये, म्हणजे तुमचं कर्ज मंजूर व्हायला २० दिवस उशीर झाला तर आकडा आणखी २०,३२० ने वर. हा वाढीव भार कोणाचा, हे साठेखतात लिहा. न लिहिल्यास शेवटच्या दिवशी बँकेच्या दारात भांडण ठरलेलं.

फोड मागायचं कारण इथे कळतं. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर दंडाची आकारणी व्याज म्हणून करता येत नाही, ती शुल्क म्हणून करायची आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. फोडीत असं काही दिसलं तर विक्रेत्याने लेखी आक्षेप घ्यावा. हजारोंचा फरक पडतो.

आता विक्रेत्याच्या हातात काय उरतं? ७२ लाखांतून बँकेचे ४४,२५,००० गेले, उरले २७,७५,०००. सोसायटीचे १,३५,०००, मालमत्ता कर ४८,०००, वीज ९,००० आणि टीडीएस (घेणाऱ्याने किमतीतून कापून सरकारकडे भरायचा कर) ७२,००० वजा केले की २५,११,०००. हा तक्ता विक्रेत्यासमोर बसून मांडा. पुष्कळदा त्याच्या डोक्यात तीस-बत्तीस लाखांचा आकडा असतो, आणि खरा आकडा नोंदणीच्या दिवशी कळला की तो मागे फिरतो.

टीडीएसमध्ये हमखास चूक होते. ५० लाख आणि त्यावरच्या घराला १ टक्का टीडीएस पूर्ण किमतीवर कापायचा असतो. बँकेला परस्पर दिलेले ४४ लाखही विक्रेत्याचेच पैसे आहेत. फक्त त्याच्या हातात पडलेल्या रकमेवर टीडीएस कापला तर फरक, व्याज आणि नोटीस तुमच्या नावाने येते. बँकेला पूर्ण रक्कम लागते, म्हणून कपात विक्रेत्याच्या हिश्शातून करा. विक्रेता अमेरिका, आखात किंवा कुठेही परदेशी राहणारा अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही. तिथे दर बराच चढा असतो, सीएकडून लेखी सल्ला घेऊनच पुढे जा.

अडचणीतला विक्रेता भाव उतरवतो तेव्हा रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला दरही पाहा. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि रेडी रेकनर यांतल्या जास्त आकड्यावर लागतं. पुण्यात ते ७ टक्के, मुंबईत ६, घर एकट्या महिलेच्या नावे असेल तर १ टक्का सवलत, आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,०००. शिवाय किंमत रेडी रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेली तर तो फरक तुमचं उत्पन्न धरून प्राप्तिकर लागतो आणि विक्रेत्याचाही भांडवली नफा वाढीव आकड्यावर मोजला जातो. स्वस्तातला फ्लॅट असा महाग पडतो.

देणं किमतीपेक्षा जास्त असेल, तर विक्रेत्याने आधी बँकेकडून एकरकमी तडजोड मंजूर करून आणायची. तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, बँकेची मर्जी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. तडजोडीच्या पत्रातली तारीख दगडावरची रेघ समजा. एक दिवस चुकला तर सवलत रद्द होऊन जुनं पूर्ण देणं परत उभं राहतं, आणि तोवर भरलेले पैसे त्यात वळते झालेले असतात. तुमच्याकडे ती रक्कम तयार नसेल तर तडजोडीच्या भरवशावर सही करू नका.

पैसे कोणत्या क्रमाने जावेत

आधी स्वतःच्या कर्जाचं पाहा. गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. ७२ लाखांच्या फ्लॅटला जास्तीत जास्त ५७,६०,०००, म्हणजे १४,४०,००० आणि मुद्रांक-नोंदणीचे पाचेक लाख पदरचे. अर्ज करतानाच सांगा की विक्रेत्याचं खातं एनपीए आहे. काही बँका अशा घराला हात लावत नाहीत, आणि हे तिसऱ्या आठवड्यात कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी कळलेलं बरं.

मग विसार. तो कमीत कमी ठेवा, चेकने किंवा आरटीजीएसने द्या, आणि विसार पावतीत लिहा की बँकेचं संमतीपत्र अमुक दिवसांत न आल्यास पूर्ण रक्कम परत. रोख मागणारा विक्रेता बहुधा दुसऱ्या सावकाराचं तोंड बंद करायला ती मागत असतो. देऊ नका.

संमतीपत्र हातात आल्यावर साठेखत करा आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नोटरीसमोरचं साठेखत या व्यवहारात पुरत नाही. महाराष्ट्रात फ्लॅटच्या साठेखतावरच बहुतेक सगळं मुद्रांक शुल्क भरलं जातं, म्हणूनच संमतीपत्राआधी ही पायरी चढायची नाही. साठेखतात बँकेचं नाव, कर्जखातं, पत्राची तारीख, थेट बँकेला जाणारी रक्कम आणि विक्रेत्याला मिळणारी रक्कम वेगवेगळी लिहा.

कारवाई थांबवण्यासाठी थकबाकी भरायचीच असेल तर ती साठेखत नोंदल्यानंतर, विक्रेत्याच्या बचत खात्यात नव्हे तर थेट कर्जखात्यात. सोबत दोघांच्या सहीचं पत्र द्या की ही रक्कम साठेखतातल्या किमतीचा भाग आहे, आणि पोच घ्या. बँक अजून निर्णयावर आली नसेल तर पैसे नो-लियन खात्यात ठेवण्याची मागणी करा. त्या खात्यातली रक्कम बँक परस्पर वळती करून घेऊ शकत नाही, आणि बोलणी फिसकटली तर तुम्हाला परत मिळते. पुष्कळ खरेदीदारांना ही सोय असते हेच ठाऊक नसतं, आणि शाखेतून आपण होऊन कोणी सांगत नाही. थकबाकी भरल्यानंतरचे चालू हप्ते कोण भरणार, हेही साठेखतात येऊ द्या. दोन महिन्यांत विक्रेत्याने पुन्हा हप्ता चुकवला तर तुम्ही मिळवलेला वेळ वाया गेला.

शेवटची रक्कम तुमची बँक थेट जुन्या बँकेला देते. डिमांड ड्राफ्टवर नुसतं बँकेचं नाव नको, विक्रेत्याच्या कर्जखात्याचा क्रमांकही हवा. त्या दिवशीचा ताजा आकडा सकाळीच ईमेलवर मागवा. जुनं पत्र घेऊन गेलात तर दोन-चार हजारांच्या फरकाने खातं उघडंच राहतं आणि बोजामुक्ती अडते. विक्रेत्याचे २५ लाख खरेदीखताच्या टेबलावरच द्यायचे, त्याआधी नाही.

'हप्ते मी भरतो, कर्ज तुझ्याच नावावर राहू दे'

हा सौदा सर्वांत मोहात पाडणारा आणि सर्वांत जास्त माणसं बुडवणारा. घेणारा थकबाकी भरतो, मुखत्यारपत्र आणि नोटरीचा करार करून राहायला येतो, आणि दरमहा विक्रेत्याच्या खात्यात हप्ता टाकतो. नवं कर्ज नको, मुद्रांक शुल्क नको. पण मुखत्यारपत्रावर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात निर्विवादपणे सांगितलं. विक्रेता वारला की साधं मुखत्यारपत्र संपतं आणि वारस दारात उभे राहतात. त्याच्या दुसऱ्या कुठल्या देण्यात याच घरावर जप्ती आली तर तुम्ही कोणीच नसता. पंधरा वर्षं हप्ते भरून कर्ज फिटलं तरी बँक मूळ कागद विक्रेत्याच्याच हातात देते. आणि तारण असलेलं घर बँकेला न सांगता दुसऱ्याच्या ताब्यात देणं हा कर्जकराराचा भंग असतो, त्यावरून हप्ते वेळेवर जात असतानाही बँक सगळं कर्ज एकदम मागू शकते. कुणी कितीही ओळखीचा असला तरी हा मार्ग धरू नका.

कर्ज फिटल्यानंतरची कामं

१३ सप्टेंबर २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं आणि बोज्याची नोंद काढणं बँकेला बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. कर्जदाराला, म्हणजे विक्रेत्याला. कागदही त्यालाच मिळतात. म्हणून फेडीच्या दिवशीच विक्रेत्याचं अधिकारपत्र बँकेत द्या, की कागद तुमच्या बँकेच्या प्रतिनिधीच्या हाती, तुमच्या उपस्थितीत द्यावेत. सुटताना प्रत्येक कागद पत्रातल्या यादीशी ताडून पाहा. आधीच्या साखळीतलं एखादं खरेदीखत किंवा नोंदणीची पावती गहाळ असेल तर तिथेच लिहून घ्या. नंतर बँक जबाबदारी घेत नाही, आणि पोलिसांत तक्रार, वृत्तपत्रात जाहिरात, प्रमाणित नकला हे सगळं तुमच्या गळ्यात पडतं.

बँकेकडून 'देणं बाकी नाही' दाखला, बोजामुक्तीचं पत्र आणि सरफेसीची कारवाई मागे घेतल्याचं पत्र अशी तीन वेगळी पत्रं घ्या. डीआरटीत अर्ज असेल तर तो निकाली निघाल्याचा आदेशही. कर्ज नोंदणीकृत गहाणखताने घेतलं असेल तर ते सोडवल्याचा दस्त नोंदवावा लागतो, नुसतं कागद ठेवून घेतलं असेल तर बँकेचं पत्र चालतं. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर बोजा असेल तर तो कमी करण्याचा अर्ज तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात वेगळा द्यावा लागतो, तो आपोआप निघत नाही.

महिन्याभराने सेरसाईवर पुन्हा शोध घ्या. जुन्या बँकेची नोंद तशीच दिसत असेल तर तिच्या नोडल अधिकाऱ्याला फेडीच्या पावतीसह लिहा, आणि ३० दिवसांत हललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवा. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवणं, मालमत्ता कराची पाटी आणि वीजमीटर बदलणं ही कामं मग सावकाश करता येतात. सोसायटी हस्तांतरासाठी २५,००० पेक्षा जास्त प्रीमियम मागत असेल तर शासनाने ठरवलेली कमाल मर्यादा तेवढीच आहे हे दाखवा, आणि पावती घेऊनच पैसे द्या.